उजवी नाकपुडी

माणसं बायकोच्या ताब्यात असतात, साहेबाच्या ताब्यात असतात, पण स्वतःच्या नाकाच्या ताब्यात इतकी वर्षं राहिलेला माणूस आमच्या थोरल्या साडूंसारखा दुसरा झाला नसेल. सोलापुरात तरी नाहीच. तसं ते नाक दिसायला बेताचं. फोटोत वेगळं उठून दिसावं असं त्यात काही नव्हतं. पण जेवायला कधी बसायचं, प्रवासात गाडी कुठं थांबवायची, लग्नात कोणत्या कडेची खुर्ची धरायची, हे सगळं ते नाक ठरवायचं. आणि त्या नाकाला लागायची एक बोटभर उंचीची पांढरी बाटली. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या औषधाची ही बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, खडीसाखर मिळावी तशी. डोकं मागं, डोळे मिटलेले, एक फवारा डावीकडे, एक उजवीकडे, मग दोन दणदणीत श्वास, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की पाहणाऱ्याला वाटावं, यांना आत्ताच कुणाचं तरी दर्शन घडलं. काही तासांत दर्शनाचा प्रभाव ओसरायचा. नाक पुन्हा बंद, पुन्हा बाटली.

माझी बायको धाकटी, त्यांची बायको थोरली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूंना मी अण्णा म्हणतो आणि ते मला 'पावनं' म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी अजून पाहुणाच आहे. त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान. कापसाचा बारीक तंतू हवेत सदा उडत असतो, त्यामुळं कधीकाळी सर्दी धरली आणि कुणीतरी ही बाटली सुचवली. सर्दी गेली, बाटली राहिली. बाटली हाताशी नाही ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. म्हणून एक शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी, एक स्कूटरच्या डिकीत, एक उशीखाली, एक देवघरात तसबिरीच्या मागं, आणि दुकानात तर थेट चादरींच्या घड्यांमध्ये. लातूरकडचं एक गिऱ्हाईक चादर घेऊन गेलं आणि पुढच्या खेपेला येऊन विचारू लागलं, "मालक, मागच्या टायमाला चादरीत औषध निघालं. ते फ्री होतं का?" साडू जागचे हलले नाहीत. "व्हय की," ते म्हणाले. "आमच्या चादरीत झोप लई गाढ लागती. मग सकाळी नाक चोंदतंय माणसाचं. त्यापायी दिलंय." गिऱ्हाईक आणखी दोन चादरी घेऊन गेलं. जाताना 'त्यात पण असू द्या' असंही म्हणालं.

त्यांना वास येत नसे. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण वासाचं कौतुक करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणाच्याही घरी ताट मांडायच्या आत ते मान वर करून म्हणायचे, "वा वा, काय वास सुटलाय!" आतल्या बायका सुखावायच्या, तव्यावर एक भाकरी जास्त पडायची. एकदा अक्का शेजारी हळदीकुंकवाला गेली होती आणि मी काही कामानं त्यांच्याकडे गेलो. साडू स्वयंपाकघराकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. आत गॅसवर दूध. आटून, करपून, पातेलं काळं ठिक्कर, आणि उग्र वास जिन्यापर्यंत आलेला. मला बघून ते प्रसन्नपणे म्हणाले, "या पावनं. तुमच्या अक्कानं गॅसवर काय तरी झकास ठेवलंय बघा. कसला वास सुटलाय!" मग माझ्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. पेपर खाली आला. "करपलंय का?" त्यांनी हळूच विचारलं, आंधळ्यानं समोर पायरी आहे का विचारावं तसं. त्यानंतर मला त्यांच्या 'वा वा'चं हसू येईना.

बाकीच्यांना मात्र येत राहिलं. माणसाला दारूचं व्यसन असतं तर नातेवाइकांनी गंभीर चेहरे केले असते, चार जण एकत्र बसले असते, कुणीतरी माळ घालायला सुचवलं असतं. तंबाखू असती तर निदान कॅन्सरची भीती घातली असती. पण नाकातल्या थेंबांचं व्यसन म्हटलं की माणसं ओठ दाबून हसतात. 'नाकवाले काका' हे त्यांचं नाव आमच्या नात्यात सर्वतोमुखी होतं. माझी स्वतःची मुलंसुद्धा बाम पुढं करून त्यांची नक्कल करायची आणि मी त्यांना दटावायचो ते स्वतःचं हसू आवरल्यावर. एखादा माणूस बाटलीवाचून श्वास घेऊ शकत नाही, जेवताना तोंडानं श्वास घेतो म्हणून घास अडकतो, झोपेत घुसमटून उठून बसतो, यात हसण्यासारखं काय आहे ते मला आज सांगता येणार नाही. तेव्हा मात्र ते आम्हा सगळ्यांना न सांगता कळत होतं.

या नाकाचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे मंगलाष्टकं. आमच्या नात्यात कुठंही लग्न असो, शेवटचं मंगलाष्टक साडूंचं. ते स्वतः रचायचे आणि त्यात दोन्ही बाजूंची झाडून सगळी नावं घालायचे. मंगळवेढ्याचे मामा, अकलूजची आत्या, वरमाईच्या माहेरचे, करवलीची मैत्रीण. छंदात न मावणाऱ्या नावाला ते ढकलून, दामटून बसवायचे, एसटीत शेवटचा प्रवासी बसवतात तसे. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून यायचे, अक्षता मुठीत घामानं भिजायच्या, भटजी घड्याळ बघायचे. आणि शेवटच्या ओळीआधी साडू लोकांकडे पाठ करायचे, एक फवारा मारायचे आणि वळून असा एकच लांब सूर लावायचे की कार्यालयातली पोरं-बाळंसुद्धा गप्प व्हायची. तो आवाज खरोखर सुंदर होता. सुरात थोडी खर, शेवटाकडे किंचित कंप. नावं वगळली जाऊ नयेत म्हणून लोक त्यांच्या मिनतवाऱ्या करत, आणि एकदा माझ्या चुलतभावाचं नाव राहिलं तेव्हा त्यानं जेवणावर रुसवा धरला होता. त्या रुसव्याचा अपराध कसा कोण जाणे मलाच वाटत राहिला होता.

हे जरा सांगायला हवं. मला कशाचाही अपराध वाटतो. मी इथल्याच एका शाळेत इतिहास शिकवतो. वर्गात खडू कुणी फेकला असं मुख्याध्यापकांनी विचारलं तर माझाच चेहरा पडतो. रिक्षावाला रस्ता चुकला तर मी त्याची माफी मागतो. साडूंना माझ्या या स्वभावाची मोठी गंमत वाटे. "पावनं," ते म्हणायचे, "तुमाला कोर्टात नेलं तर जज्जाच्या आधी तुमीच फाशी घ्याल."

त्यांना एकच मुलगी. गोरीपान, अबोल, आईसारखी ठाम. ती फार्मसी शिकली आणि घरापासून लांबच्या एका औषधाच्या दुकानात नोकरीला लागली. साडू एकाच दुकानातून बाटल्या घेत नसत. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून रोज निराळी पेठ. नोकरी नवी होती. दुकानाचं नाव तिनं घरी सांगितलं होतं, पण ते ऐकायला साडूंचं लक्ष नाकापासून मोकळं कुठं होतं? एका संध्याकाळी ते रुमाल नाकाला लावून तिच्याच काउंटरपुढं जाऊन उभे राहिले आणि मान वर न करता म्हणाले, "नेहमीचं द्या एक."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? नाक हाय की."

"पप्पा," ती म्हणाली, "आमचे मालक म्हणत होते, ते नाकवाले काका या आठवड्यात आले नाहीत का. ते तुम्ही?"

हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं. सांगताना ती हसली नाही. साडू बाटली न घेता घरी आले आणि देवघरातली घेतली.

त्यानंतर तिनं त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे. ते म्हणाले, "काका, तुमची सर्दी कधीच संपली. आता नाक चोंदतं ते या औषधामुळंच. औषध उतरलं की आतली सूज दुप्पट होऊन येते, म्हणून तुम्ही पुन्हा मारता." साडूंनी विचारलं, "मंजी हितनं तितनं मीच माझं नाक दाबतोय व्हय?" डॉक्टर म्हणाले, तसंच. मग त्यांनी उपाय सांगितला: दोन्ही नाकपुड्या एकदम सोडवू नका, सोसणार नाही. आधी एक सोडवा, दुसरी चालू ठेवा. एक पूर्ण मोकळी झाली की मग दुसरी. मध्ये मिठाच्या पाण्याचा फवारा, आणि लिहून दिलेलं दुसरं औषध.

घरी आल्यावर आधी कोणती नाकपुडी, यावर मोठी चर्चा झाली. अक्काचं म्हणणं, शुभकार्याला उजवीपासून सुरुवात करावी. साडूंचं म्हणणं, उजवीवर त्यांचं गाणं चालतं. श्वास तिथूनच भरतात. डावी काय, असून नसल्यासारखी. माझं मत विचारलं गेलं आणि मी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू कशा बरोबर आहेत ते सांगितलं. शेवटी डावी ठरली. मुलीनं तेव्हाच अट घातली. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा पुण्याचा, दिवाळीनंतरची तिथी धरलेली. ती म्हणाली, "माझ्या लग्नात तुम्ही बाटलीशिवाय मंगलाष्टक म्हणायचं, पप्पा. जमणार नसेल तर आधीच सांगा. मी मोबाइलवरचं लावेन." साडूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या डोस्क्यावर हात ठेवून सांगतो," ते म्हणाले. अक्का एकदम म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर नका हो असलं काही!" पण हात ठेवून झाला होता.

घरातल्या बाटल्या शोधून अक्कानं फेकल्या. उजवीसाठी एक लागणार होती. ती माझ्याकडे ठेवायची ठरली. सकाळी आणि संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचं, माझ्या डोळ्यांदेखत उजवीत एक फवारा, आणि बाटली परत माझ्या खिशात. मला कशाला, असं मी म्हणालो. साडू म्हणाले, "तुमाला खोटं बोललं की जेवण जात न्हाय. असला माणूस परत मिळायचा न्हाय. आणि हे बघा, उद्या मी भीक मागितली तरी द्यायची न्हाय." मी शब्द दिला.

त्या काळातले साडू पाहण्यासारखे होते. एक बाजू तुरुंगात आणि एक बाजू जामिनावर, असा त्यांचा चेहरा दिसायचा. डावा डोळा पाणावलेला, उजवा कोरडा. झोपताना डावी कूस की उजवी कूस यावर ते तासभर प्रयोग करायचे आणि शेवटी आरामखुर्चीत बसून झोपायचे. मंगळवेढ्याच्या मामांनी ओव्याची पुरचुंडी पाठवली, अकलूजच्या आत्यानं नाकात घालायला तूप पाठवलं, दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं नुसतं पोटावर झोपायला सांगितलं. साडूंनी सगळं केलं, पण फक्त डावीकडे. पुरचुंडीसुद्धा उजवीवर बोट दाबून हुंगायचे, तिला फुकटचं मिळू नये म्हणून. आणि चिडायचे! गिऱ्हाइकावर, अक्कावर, माझ्यावर. मी उशिरा पोचलो तर दारातच, "या मालक. आमचा श्वास आणला का?" पुढं एका सकाळी मी गेलो तर ते अंगणात उभे, उजवीवर अंगठा घट्ट दाबलेला. डावीनं लांब श्वास घेऊन त्यांनी तो आवाजासकट सोडला. "पावनं," ते म्हणाले, "डावी माणसात आली." अक्कानं साखर वाटली. नाकपुडीच्या नावानं वाटलेली साखर मी आयुष्यात एकदाच खाल्ली.

आता फक्त उजवी राहिली होती, आणि दिवाळी लांब होती. पण नवऱ्या मुलाच्या आजीनं अंथरूण धरलं. तिच्या डोळ्यांदेखत अक्षता पडाव्यात म्हणून त्या लोकांनी लग्न मेमध्ये आणलं. साडूंनी घाईनं उजवी एकदम बंद केली. डॉक्टर नको म्हणत होते. मीही म्हणालो, पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो? त्याच दिवशी आणलेली नवी बाटली सीलसकट माझ्या खिशात तशीच राहिली. उजवीनं सूड घेतल्यासारखा घेतला. चोंदली ती उघडेचना.

लग्न अक्कलकोट रस्त्यावरच्या कार्यालयात. सोलापूरचा मे म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. मांडवात धूळ, भटारखान्याचा धूर, शेकडो माणसांचा घाम, आणि चारी बाजूंनी कूलरचा ओला वारा थेट चेहऱ्यावर. साडू फेटा बांधून उभे होते आणि सकाळपासून तोंडानं श्वास घेत होते. दुपारपर्यंत बिचाऱ्या डावीनंही हात टेकले. मी व्यासपीठाच्या पायरीपाशी होतो. अंतरपाट धरला गेला, वराच्या आत्यानं एक मंगलाष्टक म्हटलं, भटजींनी एक म्हटलं, आणि माइक साडूंच्या हाती आला.

आवाज फुटेना. फुटला तो नाकातच अडकलेला, पोत्यात कोंडल्यासारखा. 'मंगल' म्हणताना 'बंगल' ऐकू यायला लागलं. दुसऱ्या ओळीला वरपक्षाकडून कुणीतरी पोरगा मोठ्यानं म्हणाला, "ऐकलं का, जावयाला बंगला द्यायला लागलेत!" हसू पहिल्या रांगेत सुरू झालं आणि मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं. आमच्याही बाजूचे हसले. ज्यांची नावं त्या मंगलाष्टकात यायची होती तेही. मोबाइल वर झाले. साडूंनी कडवं कसंबसं संपवलं, रुमाल तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. शेवटचं कडवं राहिलं होतं, मुलीच्या नावाचं. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त पाहिलं. बाटली माझ्या खिशात होती आणि माझा हात खिशावर होता. मी खाली माझ्या चपलांकडे बघत राहिलो. शब्द दिला होता. तो पाळला, आणि पाळताना स्वतःचा जितका राग आला तितका एरवी कधी आला नव्हता.

आमच्याकडे मुलीच्या आईनं अक्षता पाहायच्या नसतात. मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा ती आतल्या खोलीत तुळशीला पाणी घालत बसते. अक्का तिथंच होती. पण माइकचा आवाज आत जात होता, आणि हसण्याचाही. मी मान वर केली तेव्हा व्यासपीठाच्या बाजूच्या पडद्यातून एक हात आला. हिरवा चुडा, मनगटापर्यंत ओला, बोटांवरून तुळशीचं पाणी निथळत होतं. त्या हातानं साडूंच्या हातात काहीतरी ठेवलं आणि हात आत गेला. लोक त्या क्षणी एकमेकांकडे बघून हसत होते. पाहिलं ते मी एकट्यानं. साडूंनी पाठ केली, भटजींनी वेळ भरायला संस्कृतात काहीतरी म्हटलं, आणि थोड्याच वेळात साडू वळले.

त्या दिवशी ते जसं गायले तसं पूर्वी कधी गायले नव्हते. आवाज काचेसारखा स्वच्छ. मुलीचं नाव आलं तिथं सूर इतका वर गेला की कूलरची घरघर ऐकू येईनाशी झाली. हसणारे गप्प झाले. बंगला म्हणणारा पोरगाही. शेवटच्या 'सावधान'ला टाळ्या पडल्या, अक्षतांचा पाऊस पडला, बायकांनी डोळे पुसले. अंतरपाट दूर झाला आणि मला मुलीचा चेहरा दिसला. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. अंतरपाटामागून तिला काहीच दिसलं नव्हतं, पण तिला दिसण्याची गरज नव्हती. तो स्वच्छ आवाज कशानं आला हे त्या कार्यालयात तिच्याइतकं कुणाला कळणार? सगळं कार्यालय वाहवा करत होतं आणि प्रत्येक वाहवेबरोबर तिचा चेहरा उतरत होता. मग तिनं हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

निरोपाच्या वेळी ती सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यापाशी आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "काका, विश्वासानं ठेवली होती हो तुमच्याकडं." तिच्या मागं अक्का उभी होती. अक्काचं तोंड पांढरं पडलं होतं. बाटली माझ्या खिशात होती, तिच्यातला एक थेंबही कमी झालेला नव्हता. काढून दाखवली असती तर मी सुटलो असतो. पण मग दुसरी कुठून आली हे तिनं विचारलं असतं, आणि तुळशीपाशी बसलेली तिची आई तुळशीपाशी नव्हती, हे लेकीला सासरी जाताना कळलं असतं. मी म्हणालो, "चुकलं बाळा." जन्मभर न केलेल्या गोष्टींची माफी मागण्याचा सराव होता, तो त्या दिवशी उपयोगी पडला. ती वाकून पाया पडली. मग वडिलांच्या पाया पडली, एक शब्द न बोलता, आणि गाडीत बसली.

पुढचे दिवस वाईट गेले. मुलगी आईला फोन करायची, वडिलांना नाही. "पप्पांची तब्येत?" एवढंच विचारायची, परक्याची विचारावी तशी. डोक्यावर हात ठेवून मोडलेला शब्द अक्काच्या मनातून जाईना. पुण्यात पोरीला साधी सर्दी झाली तरी ती देवापुढं बसायची. त्या मंगलाष्टकाचं पहिलं कडवं, बंगल्यासकट, नात्यात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. शेवटचं कुणीच फिरवलं नाही. साडूंना दोन लग्नांचं बोलावणं आलं. त्यांनी माइकला हात लावला नाही. बाटलीबद्दलही ते कुणाशी बोलले नाहीत. मला म्हणाले, "तुमी आता येऊ नका पावनं सकाळ-संध्याकाळ. काम न्हाय." मला वाटलं, पूर्ववत सुरू झालं असेल. मी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क आपला राहिला नाही, असं वाटायचं.

नागपंचमीला मुलगी माहेरी आली. मी आणि ही दुपारी भेटायला गेलो. ती माझ्याशी बोलली, चहा दिला, पण जवळ बसली नाही. आत अक्का शेंगापोळीसाठी दाणे भाजत होती आणि भाजता भाजता लेकीशी बोलत होती. आम्ही स्वयंपाकघराच्या दारापाशी पाटावर. साडू पार बाहेर, अंगणाच्या टोकाला, फाटकापाशी खुर्ची टाकून पाठमोरे बसले होते. मुलगी आली तरी ते आत आले नव्हते. अक्का सासूबद्दल काही विचारण्यात गुंतली, हात थांबला, आणि बाहेरून आवाज आला:

"अगं, दाणं करपायलेत!"

अक्का दचकली. कढईतून नुकती कुठं धुराची रेघ निघायला लागली होती. आम्हा चौघांपैकी कुणालाही काही कळलं नव्हतं, आणि आम्ही कढईपासून हातभर अंतरावर होतो. अक्कानं गॅस बंद केला. मुलगी आईकडे बघत राहिली, मग दाराबाहेर, अंगणाच्या टोकाकडे.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तू गेल्यापासून," अक्का म्हणाली. "एकट्यानं काढलंय सगळं. हूं की चूं न्हाय. मला बी जवळ येऊ दिलं न्हाय." ती काळे दाणे निवडून बाजूला टाकू लागली. मान खाली होती. "आणि त्या दिवशी बाटली काकांनी न्हवती दिली. मी दिली. एक ठेवली होती मी, असू दे म्हणून. मला ते हसणं ऐकवलं न्हाय गं."

मुलीनं एक काळा दाणा उचलून पाहिला आणि खाली टाकला. मग माझ्याकडे वळून, चिडल्यासारखी म्हणाली, "मग तुम्ही का नाही बोललात काका? इतके दिवस?"

बाहेरून साडूच ओरडले, "त्यांना काय विचारती? त्यांना सवय हाय. कुणी शिव्या दिल्या की पोट भरतंय त्यांचं!" तेव्हा ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि तशीच उठून अंगणात गेली. आम्ही आतच बसलो. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. थोड्या वेळानं साडूंचाच आवाज आला, "रडू नको, नाक चोंदतंय."

संध्याकाळी ते मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. आता त्यांना हा नवा छंद लागला आहे. चालताना दर घरापाशी थांबतात आणि सांगतात. "हितं मेथी. हितं उदबत्ती, पण स्वस्तातली. तितं कुणाचं तरी दूध उतू चाललंय, थांबा." खरोखरच त्यांनी एक दार वाजवून सांगितलं. इतक्या वर्षांनी त्यांना परत आलेला पहिला वास कशाचा होता, असं मी विचारलं. "गटारीचा," ते म्हणाले. "पण लई बरं वाटलं."

कोपऱ्यावर फुलवाली बसली होती. तिच्या टोपलीपाशी ते थबकले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावनं, एक विचारू? लग्नात पोरगी पाया पडायला वाकली की न्हाय, तवा तिच्या गजऱ्याचा वास कसा होता हो? त्या दिवशी गळा उघडला, पण वास कुटला येतोय. तुमच्याबी पाया पडली ना. तुमचं नाक तर चांगलं हाय."

मी आठवून पाहिलं. माझं नाक जन्मापासून मोकळं आहे. ती माझ्यापुढं वाकली होती, गजरा माझ्या हाताला लागला होता, आणि मला फक्त खिशातली बाटली आठवत होती.

"मोगरा होता," मी म्हणालो. "लांबपर्यंत येत होता."

"मोगरा," ते म्हणाले. मान हलवली, आणि रिकाम्या हवेत एक लांब श्वास घेतला, उजवीनं.